झाडं लावणारे शंभर, पाणी घालणारा कोण? गावातली बाग जगवणाऱ्या तीन वह्या

बहादरपूर (जि. बऱ्हाणपूर) : जून उजाडला की आपल्या भागात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. दुसरी म्हणजे कुठे ना कुठे झाडं लावण्याचा कार्यक्रम होतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात मीही होतो. आम्ही वीसेक जण, चाळीस रोपं, मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला. खड्डे खणले, रोपं लावली, फोटो काढले, चहा-पोहे झाले आणि सगळे आपापल्या घरी गेलो.

पुढच्या एप्रिलात त्या बाजूने जाणं झालं. तारेच्या जाळ्या तशाच उभ्या होत्या आणि आत वाळलेल्या काड्या होत्या. चाळिसातली तीन झाडं तेवढी हिरवी होती. ती तिन्ही एका चहाच्या टपरीच्या बाजूला होती. टपरीवाला रोज ग्लास विसळलेलं पाणी त्यांच्या बुडाशी टाकत होता. त्याला कोणी कार्यक्रमाला बोलावलंही नव्हतं.

बाकीची सदतीस का मेली याचा दोष मी कोणावर टाकत नाही, कारण त्या वीस जणांत मीही होतो. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे. बाग लावायला एक दिवस पुरतो, बाग जगवायला माणसं नेमून द्यावी लागतात. गावातल्या, मोहल्ल्यातल्या लोकांनी स्वतः एखादी बाग सांभाळायची ठरवली तर काय काय लागतं, कायदा काय म्हणतो, दुसऱ्यांनी कसं केलं आणि या सगळ्यात गावच्या इतिहासाचा काय संबंध, ते समजून घेऊ.

आपला जिल्हाच बागांचा

बाहेरच्या माणसाला आज बऱ्हाणपूर म्हटलं की केळी आठवते, पावरलूम आठवतो. पण चारशे वर्षांपूर्वी इथे येणाऱ्यांच्या नजरेत बागाही भरत होत्या. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये सुरतेहून निघून बऱ्हाणपुरात आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात अब्दुल रहीम खानखानानच्या लालबागेबद्दल लिहून ठेवलं आहे. शहरापासून दोन कोसांवर बाग, तिथवर जाणारा रस्ता पूर्ण झाडांच्या सावलीतला, आत फिरायच्या वाटा आणि चार झाडांच्या मधोमध चौकोनी हौद.

आता लालबाग म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रेल्वे स्टेशन, ताप्ती मिल, रिक्षा. नाव बागेचं राहिलं, ती बाग मात्र राहिली नाही.

दुसरी बाग नदीपलीकडे, जैनाबादला. तिचं नाव आहुखाना. फारसीत ‘आहू’ म्हणजे हरीण, म्हणजे हे हरणांचं घर. शाही किल्ल्यासमोर, तापीच्या दुसऱ्या काठावरची ही मोगलांची शिकारीची आणि विसाव्याची जागा होती. शहाजहानची बेगम मुमताज महल १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली. तिला आधी इथेच, जैनाबादच्या बागेत दफन केलं गेलं. सहा महिन्यांनी, डिसेंबर १६३१ मध्ये, तिचं शव आग्र्याला नेलं. ताजमहाल त्यानंतरचा. म्हणजे ज्या कबरीसाठी जगभरातून लोक आग्र्याला जातात, तिची पहिली जागा आपल्या जिल्ह्यात आहे. औरंगजेब आणि हिराबाई जैनाबादी यांची गाठ पडल्याचा जो किस्सा जुन्या फारसी ग्रंथांत आला आहे, तोही याच जैनाबादच्या बागेतला.

आणि खुद्द आपलं बहादरपूर? फारुकी घराण्याचा शेवटचा सुलतान बहादूर खान याच्या नावावरून हे नाव पडलं. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती गेला आणि ते घराणं संपलं, पण नाव गावाला चिकटून राहिलं. आजच्या पोरांना विचारा, दहातल्या किती जणांना हे माहीत आहे?

जुन्या बागा का गेल्या याची कारणं पुष्कळ आहेत. राज्यं गेली, पैसा गेला, वस्ती वाढली. पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. बाग बादशहाची होती. बादशहा गेला, त्याचा माळी गेला, त्याचं पाणी तुटलं. मोहल्ल्याला ती कधी आपली वाटली नाही, म्हणून मोहल्ल्याने ती धरून ठेवली नाही.

कुंडी भंडाऱ्याकडून घेण्यासारखा धडा

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. लालबागेजवळचा कुंडी भंडारा, ज्याला लोक खुनी भंडाराही म्हणतात. खानखानानच्या काळात, १६१५ च्या सुमाराला, तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी जाणकाराने तो आखला. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपत जाणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवायचं आणि फक्त उताराच्या जोरावर शहराकडे न्यायचं. ना मोट, ना पंप. वर जमिनीवर ओळीने शंभराहून जास्त कुंड्या आहेत. आज त्यातल्या एका कुंडीत उतरायला लिफ्ट आहे. मार्च २०२४ मध्ये ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

आपण पाहुण्यांना तो दाखवायला नेतो तेव्हा एक गोष्ट सांगायची राहून जाते. या कुंड्या नुसत्या पाणी काढायला नाहीत. आत हवा खेळावी आणि माणसाला उतरून गाळ, चुना-क्षार काढता यावेत, यासाठीही त्या आहेत. म्हणजे ज्याने हे बांधलं, त्याने साफसफाई कशी होणार हे बांधायच्या आधी ठरवलं होतं. देखभालीची वाट बांधकामातच ठेवली. म्हणून चारशे वर्षांनंतरही तिथे पाणी दिसतं.

आपण बाग करताना नेमकं उलटं करतो. गेट बांधतो, फलक लावतो, उद्घाटन करतो. देखभालीचं नंतर बघू म्हणतो. ते ‘नंतर’ मग येतच नाही.

मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे, त्यामुळे सगळं वहीत मांडून बघायची सवय. गावची बाग चालवायची तर माझ्या मते तीन वह्या लागतात: एक जागेची, एक पाण्या-पैशाची आणि एक आठवणीची. तिन्हीतली एक जरी नसली तरी बाग फार दिवस टिकत नाही.

पहिली वही : जागा कोणाची?

सगळ्यात आधी हे बघायचं की ज्या मोकळ्या जागेवर आपण झाडं लावणार, ती कागदावर कोणाची आहे. पलीकडे रावेर, मुक्ताईनगरला तलाठ्याकडे सातबारा बघतात. आपल्याकडे पटवाऱ्याकडे खसरा बघायचा. तिकडे गायरान म्हणतात, त्याला इकडे चरनोई म्हणतात. नाव वेगळं असलं तरी अडचण तीच असते. वर्षानुवर्षं मोकळी दिसते म्हणून ती ‘गावची’ असं आपण धरून चालतो. तीन वर्षं पाणी घालून झाडं डोक्याएवढी झाली की मग कोणीतरी कागद घेऊन उभा राहतो.

मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ या कायद्यात गावासाठी उपयोगाच्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्या फारशा कोणी सांगत नाही. कलम २३४ मध्ये ‘निस्तार पत्रक’ येतं. गावाच्या सरकारी पडीक जमिनीचा वापर कसा करायचा, गुरं कुठे चारायची, लाकूडफाटा कुठून घ्यायचा, याची ती नोंद. कलम २३७ मध्ये अशी जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. त्या कामांच्या यादीत शाळा, रस्ता, नाली यांच्याबरोबर खेळाचं मैदान आणि पार्क हे शब्द स्पष्ट लिहिले आहेत. म्हणजे गावाला पार्क हवा हे काही शहरी थेर नाही, कायद्यातच त्याची जागा आहे.

आणि कलम २४२ मधलं ‘वाजिब-उल-अर्ज’. गावातले पाण्याचे हक्क, वहिवाटीचे रस्ते, मासेमारी, असे जे रिवाज पूर्वापार चालत आले, त्यांची ही नोंद. इतिहास म्हटलं की आपण राजा-राणी बघायला जातो, पण तुमच्या आजोबांची वाट कुठून जात होती, कोणत्या विहिरीवर कोणाचा हक्क होता, हे या असल्या कागदात सापडतं. ते एकदा बघून घ्यायला काय हरकत आहे?

शहर आणि गाव यातला फरकही लक्षात घ्या. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत, त्यात उद्यानं, बागा, खेळाची मैदानं सरळ नावाने दिली आहेत. पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आहे, तिच्यात २९ विषय आहेत. तिथे ‘बाग’ असा शब्द नाही, पण सामाजिक वनीकरण आहे, सांस्कृतिक कार्य आहे आणि शेवटचा विषय सामुदायिक मालमत्तांची देखभाल हा आहे. त्यामुळे बऱ्हाणपूर शहरात बागेसाठी नगर निगमकडे जाता येतं, तर बहादरपुरासारख्या ठिकाणी ग्रामसभेत ठराव करून घ्यावा लागतो.

ठराव लेखी हवा. त्यात चार गोष्टी असाव्यात: जागेचा खसरा नंबर, किती काळासाठी देखभाल, कोणाकडे देखभाल आणि जागेची मालकी बदलत नाही हे वाक्य. शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. त्यामुळे पंचायतीलाही भीती राहत नाही की उद्या हे लोक जागा बळकावतील, आणि संभाळणाऱ्यांवरही तसा आळ येत नाही.

संस्था नोंदवायलाच पाहिजे का? लगेच नाही. पहिली एक-दोन वर्षं ठरावावर काम चालतं. पुढे देणग्या येऊ लागल्या, बँकेत खातं हवं झालं, की मग मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली किमान ७ जणांची समिती नोंदवता येते. पण नोंदणी केली म्हणजे दरवर्षीचा हिशेब, कार्यकारिणीची यादी, सगळं वेळेवर द्यावं लागतं. तेवढी तयारी नसेल तर उगाच अध्यक्ष-सचिव होऊ नये.

दुसरी वही : पाणी आणि पैसा

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे झाड पावसाळ्यात मरत नाही, ते मार्च ते जून या काळात मरतं. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना जाऊन टेकतो, तेव्हा एक-दीड वर्षाचं रोप स्वतःच्या मुळांवर तग धरू शकत नाही.

हिशेब करून बघू. समजा बागेत ५० झाडं आहेत. नवीन रोपाला उन्हाळ्यात एका वेळी १५ लिटर, म्हणजे साधारण एक मोठी बादली, असं आठवड्यातून दोनदा पाणी द्यायचं ठरवलं.

– एका पाळीला : ५० × १५ = ७५० लिटर
– आठवड्याला : १,५०० लिटर
– १ मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत, १५ आठवडे : २२,५०० लिटर

५,००० लिटरचा ट्रॅक्टरवाला टँकर धरला तर हे पाच टँकरही पूर्ण भरत नाहीत. पूर्ण उन्हाळ्याचं पाणी! तुमच्या गावात टँकरचा जो भाव असेल त्याने गुणा आणि ती रक्कम उद्घाटनाच्या मंडप-माइकच्या खर्चाशेजारी ठेवून बघा. कमतरता पैशाची नसते हे लगेच कळेल.

टँकर नको असेल तर दुसरा मार्ग. ५० झाडं २५ घरांत वाटली तर प्रत्येक घराच्या वाट्याला दोन झाडं येतात. म्हणजे मंगळवारी दोन बादल्या, शनिवारी दोन बादल्या. एवढंच. पण वार ठरलेला पाहिजे आणि वहीत घराचं नाव पाहिजे. ‘सगळ्यांनी मिळून पाणी घालायचं’ असं ठरवलं की कोणीच घालत नाही, हे मी स्वतः बघितलं आहे. लग्नासाठी, तीर्थयात्रेला गाव सोडून जायचं असेल तर आपली पाळी शेजाऱ्याला सांगून जायचं, तेही वहीत लिहायचं.

झाडं निवडतानाही पाण्याचाच विचार करावा. कडुनिंब, करंज, चिंच, कवठ, आवळा, बहावा ही आपल्या मातीतली झाडं तीन उन्हाळे काढून दिले की पुढे बरीचशी स्वतःच्या बळावर उभी राहतात. हिरवळीची लॉन दिसायला छान, पण तिला रोज पाणी लागतं आणि एक आठवडा खंड पडला की पिवळी पडते. गावच्या बागेला लॉनपेक्षा सावली जास्त गरजेची. बुडाशी केळीची वाळलेली पानं, पाचोळा अंथरला तर ओल टिकते. केळीच्या भागात ते तर फुकट मिळतं.

पैशाच्या वहीबद्दल एकच नियम: महिन्यातून एकदा जमा-खर्च बागेच्या फाटकावरच चिकटवायचा. दहा रुपयांची देणगी असली तरी लिहायची. गावात काम बंद पडतं ते बहुतेक वेळा पैसे कमी पडले म्हणून नाही, तर कोणीतरी ‘पैसे कुठे गेले’ असं पुटपुटलं म्हणून. कागद समोर असला की पुटपुटण्याला जागा राहत नाही.

तिसरी वही : आठवणीची

आता कोणी म्हणेल, झाडं आणि पाणी समजलं, पण इतिहासाचं काय काम? काम आहे. ज्या जागेची गोष्ट माहीत असते, ती जागा माणूस सहजासहजी घाण करत नाही. ‘ही पंचायतीची पडीक जागा’ आणि ‘इथे माझी आजी पाणी भरायला यायची’ यात फरक आहे. पहिल्या जागेवर कचरा पडतो, दुसऱ्या जागेवर टाकताना हात थांबतो.

मुंबईतल्या शिवाजी पार्कचं बघा. १९२५ मध्ये महापालिकेने ते लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं. पुढे क्रिकेट आलं, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आल्या, दसरे मेळावे आले. मैदान तेवढंच, पण त्याला एवढ्या आठवणी चिकटल्या की आजूबाजूचे रहिवासी त्यासाठी कोर्टात गेले. आवाजाच्या त्रासाबद्दलच्या रहिवाशांच्या याचिकेवर २०१० मध्ये उच्च न्यायालयाने तो भाग शांतता क्षेत्रात धरला. रहिवाशांची बाजू सगळ्यांना पटली असं नाही, पण मैदान आपलं आहे असं मानणारी माणसं होती म्हणूनच तो वाद झाला.

बहादरपुरात आठवणी कमी आहेत का? शेजारच्या गावच्या माणसाला बहादरपूर म्हटलं की सूत मिल आठवते. मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं, कापसाच्या गाड्या, बाजाराचा दिवस, कोणत्या विहिरीचं पाणी गोड, कोणत्या झाडाखाली पंचायत बसायची. हे सगळं आज सत्तरीच्या पुढच्या लोकांच्या डोक्यात आहे. दर वर्षी त्यातलं थोडं थोडं स्मशानात आणि कब्रस्तानात जातं.

ते लिहायचं कसं? फार अवघड नाही. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. ज्याने ज्या बोलीत सांगितलं, त्याच बोलीत लिहा, मग ती मराठी असो, निमाडी, उर्दू किंवा दोन-तीन भाषांची मिसळ. सांगणाऱ्याचं वय आणि तारीख टाका. बायकांना वेगळं विचारा, कारण पाणी, सरपण, दळण-कांडण यांच्या वाटा त्यांनाच माहीत असतात आणि चारचौघांत त्या बोलत नाहीत.

आणि एक काळजी घ्या. वहीत दोन रकाने करा, एक ‘नोंद’ आणि एक ‘ऐकीव’. उदाहरण द्यायचं तर मुमताज बऱ्हाणपुरात वारली, जैनाबादला दफन झाली, सहा महिन्यांनी आग्र्याला नेली, ही नोंद. ताजमहाल आधी इथेच तापीकाठी बांधायचा होता, पण इथली माती भुसभुशीत, वाळवी फार, म्हणून बेत बदलला, हे ऐकीव. ऐकीव गोष्ट खोटीच असते असं नाही, आणि ती टाकून द्यायचीही नाही. लोक चारशे वर्षं ती सांगत आले हीसुद्धा एक नोंदच आहे. पण दोन्ही एकाच रकान्यात लिहिल्या की बाहेरचा जाणकार येऊन पूर्ण वहीलाच हसतो.

मग या वहीतून बागेत काय आणायचं? मोठा पुतळा, संगमरवरी फलक काही नको. प्रत्येक झाडापाशी एक छोटी पाटी: झाडाचं नाव, त्याला पाणी घालणाऱ्या घराचं नाव आणि खाली गावाची एक आठवण. पन्नास झाडं म्हणजे पन्नास आठवणी. शाळेची पोरं वाचत वाचत फिरतील आणि पुढच्या वेळी स्वतःच्या आजोबांची आठवण घेऊन येतील.

मुंबईच्या ओव्हलवर काय झालं

लोकांनी बाग सांभाळली तर ती टिकते का, याचं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे दक्षिण मुंबईतलं ओव्हल मैदान. उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या समोरचं, साधारण २२ एकरांचं हे मैदान १९९० च्या दशकापर्यंत पार बिघडलं होतं. आसपासच्या रहिवाशांच्या संघटनेने १९९६ मध्ये सरकारला कोर्टात खेचलं. पुढे रहिवाशांच्याच ट्रस्टकडे मैदानाची देखभाल आली. जागा सरकारची, देखभाल लोकांची. २०१८ मध्ये याच ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारती, एकीकडे गॉथिक आणि दुसरीकडे आर्ट डेको, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, तेव्हा मधलं हे मैदानही त्या वारशाचा भाग झालं.

दुसरं उदाहरण धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं. तिथे पूर्वी मुंबईच्या कचऱ्याचं डम्पिंग होतं. त्या ३७ एकरांवर माती पसरून, झाडं लावून जंगल उभं केलं आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. मिठी नदीच्या काठी, कचऱ्याच्या ढिगावर जंगल उभं राहतं, तर तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत झाडं जगत नाहीत असं कोण म्हणेल?

अर्थात ओव्हलच्या आजूबाजूला वकील होते, पैसेवाले होते, हे मान्य. आपल्याकडे तेवढं बळ नाही. पण त्यांनी जे केलं त्याचा सांगाडा आपल्याला लागू पडतो. मालकीवर भांडायचं नाही, देखभाल लेखी मागून घ्यायची आणि मग ती रोज करून दाखवायची.

चांगल्या हेतूने होणारं नुकसान

इथे एक सावधगिरीचा मुद्दा. आपल्या जिल्ह्यात पावलोपावली जुन्या वास्तू आहेत. उत्साहाने तिथे श्रमदान करायला जाताना थांबून विचार करा. केंद्र सरकारने संरक्षित केलेलं स्मारक असेल तर २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्याभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीचं क्षेत्र आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात खड्डा खणणं, रंग देणं, सिमेंट लावणं हे परवानगीशिवाय करता येत नाही. राज्य सरकारच्या ताब्यातल्या वास्तूंनाही त्यांचा वेगळा कायदा आहे.

नियम सोडा, साधी समज बघा. जुनी भिंत चुन्याची असते, तिच्यातून ओल आत-बाहेर होते. वरून सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत अडकते आणि भिंत आतून कुजते. भिंतीला लागून वड-पिंपळ लावला तर वीस वर्षांनी तो भिंतच फोडतो. म्हणून अशा ठिकाणी लोकांनी करायची कामं साधी ठेवावीत: कचरा उचलणं, वाळलेलं गवत काढणं, येणाऱ्याला माहिती सांगणं आणि काही मोडलं-चोरीला गेलं तर फोटोसकट लेखी कळवणं. आहुखान्याला आज त्याचीच जास्त गरज आहे. तिथे नवीन काही बांधण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चार माणसं जाऊन बघून आली, तरी पुष्कळ.

भांडणं कुठे होतात

बागेवरून भांडणं होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. नाव कोणाचं द्यायचं, इथून पहिलं भांडण. क्रिकेट खेळायचं की म्हाताऱ्यांनी फिरायचं, हे दुसरं. लग्नाचा मंडप टाकू द्यायचा का, केळीचा ट्रक एक रात्र उभा केला तर काय बिघडतं, हे तिसरं. आणि एका सकाळी कोपऱ्यात कोणीतरी दगडाला शेंदूर किंवा चादर घातलेली दिसली, की मग कोणाची हिंमत होत नाही.

यावर रामबाण उपाय नाही. पण बाग सुरू करण्याआधीच नियम ठरवून फाटकावर लिहिले तर निम्मी भांडणं टळतात. पहिली तीन वर्षं बागेला कोणाचंच नाव नको, फक्त गावाचं. खेळण्याच्या वेळा ठरलेल्या. मंडप, पार्किंग, प्रार्थनास्थळ सगळ्यांना सारखं बंद. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणाला ‘आम्हालाच का’ म्हणता येत नाही. आणि समितीत सगळ्या मोहल्ल्यांची माणसं घ्या, बायका घ्या, दोन शाळकरी पोरंही घ्या. पोरं आपल्या झाडाची फांदी मोडू देत नाहीत, मोठी माणसं बघून न बघितल्यासारखं करतात.

सुरुवात कशी करावी

शेवटी हे सगळं एका पानात सांगायचं तर असं. आत्ता, पावसाळ्याआधी, खसरा बघून जागा पक्की करा. ग्रामसभेत ठराव घ्या. २५ घरं तयार होत नाहीत तोवर पन्नास झाडं लावू नका. दहा घरं असतील तर वीसच लावा. वह्या तीन घ्या, साध्या शाळेच्या चालतील. आणि पुढच्या १५ जूनला झाडं मोजा. किती लावली हे विचारूच नका, किती जगली तेवढं फाटकावर लिहा.

लालबाग खानखानानची होती आणि आहुखाना बादशहाचा. बहादरपुरात जी बाग होईल ती पंचवीस घरांची असेल. तिला शाही हौद नसेल, पण बादल्या असतील.

येत्या काही दिवसांत तुमच्याही गावात रोपं वाटणारे येतील. रोप जरूर घ्या. फक्त घेण्याआधी एक प्रश्न विचारा: मार्चमधला मंगळवार कोणाचा?